तुळसीचा वार

तुळसी न येण्याचा हा सलग दुसरा गुरुवार होता, तरी नंदिताने तिचं पान मांडून ठेवलं होतं. भात निवून गेला. गिरीधर, म्हणजे नंदिताचा नवरा, अण्णा नगरच्या ऑफिसातून घामेजलेला घरी आला, त्याने त्या पानाकडे पाहिलं आणि ते स्वतःपुढे ओढून घेतलं. नवऱ्यांना अशा वेळी फारसे प्रश्न पडत नाहीत. नंदिताला मात्र एकच प्रश्न पडला होता आणि तो हलत नव्हता. ही मुलगी यायची का थांबली?

‘वार’ हा या घरातला फार जुना शब्द. गिरीधरचे आजोबा संताजीराव तंजावरला शिकायला होते तेव्हा घरून कसलीच मदत नव्हती. मग त्यांनी आपल्या मराठी लोकांची सात घरं धरली. सोमवारी एकाकडे जेवायचं, मंगळवारी दुसऱ्याकडे. असे वार लावून ते शिकले, मद्रासला आले, रेल्वेत चिकटले. स्वतःचं पोट भरलं की पुष्कळ लोक जुन्या पंगती विसरतात. संताजीराव विसरले नाहीत. त्यांनी वेस्ट मांबलमात आपल्यासारखीच सात घरं जमवली आणि शिकणाऱ्या गरीब मुलांना वार द्यायला सुरुवात केली. पुढे जेवणापेक्षा शिकवणीची गरज वाढली, तेव्हा ज्या घरात जो विषय येतो त्या घराचा तो वार, असं ठरलं. एकीकडे गणित, दुसरीकडे इंग्रजी. अभ्यास झाला की जेवण होतंच.

त्यांच्या सूनबाईंनी, म्हणजे नंदिताच्या सासूबाई राजसबाईंनी, आणखी एक गोष्ट केली. आपल्यातल्याच मुलांपुरतं किलकिलं असलेलं दार त्यांनी सताड उघडलं. रिक्षावाल्याचा मुलगा येऊ दे, मासेवालीची नात येऊ दे, जात-भाषा कोणी विचारायची नाही. नात्यागोत्यात कुरकुर झाली. राजसबाईंनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आज त्यांच्या हाताखालून गेलेल्यांत नर्स आहेत, इंजिनियर आहेत, एक तर शाळेची हेडमास्तरीण आहे, आणि ती अजून पोंगलला येऊन सगळ्यांना दटावून जाते.

नव्या मुलाला आधी एकच वार मिळायचा. महिनाभर टिकला की बाकीच्या घरांचे वार, आणि मग कॉलेज पुरं होईपर्यंत सात घरांची ही संस्था त्याचा हात सोडायची नाही. लागोपाठ दोन वार चुकवले की मात्र जागा दुसऱ्याला. नियम कडक होता, कारण दाराशी उभे असलेले बरेच होते आणि घरं सातच.

नंदिता सांगलीची. तिकडे ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. लग्न होऊन चेन्नईला आली तेव्हा तिने आनंदाने गुरुवार स्वतःकडे मागून घेतला. स्वभावाने भारी चौकस. उत्तर न मिळालेला प्रश्न तिला दातात अडकलेल्या बडीशेपेसारखा छळायचा. जीभ सारखी तिकडेच. या चौकसपणाच्या जोरावर ती तमिळही आपली आपण शिकली होती. त्यासाठी तिने एक युक्ती काढली होती. मराठी शब्दाच्या शेपटाला ‘म्’ लावायचा. पुस्तकाचं पुस्तकम्, नगराचं नगरम्, आनंदाचं आनंदम्. भाजीवालीपासून वॉचमनपर्यंत सगळे माना डोलवायचे, आणि बाईसाहेबांना वाटायचं, जिंकलं!

तुळसीला घेऊन आले ते राजगोपाल. बँकेतून निवृत्त झालेले, अड्यारला राहणारे आणि संस्थेचे सचिव. तेव्हा राजसबाई नेमक्या लेकीकडे तंजावरला गेल्या होत्या. राजगोपालांनी मुलीची माहिती दिली. बारावीला भौतिकशास्त्रात नापास, बाकी विषय सुटले, मार्चमध्ये पुन्हा बसायचं आहे. आई जयंती मांबलम स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत इस्त्रीची गाडी लावते, वडील नाहीत. एवढं सांगून ते फोनवर बोलत गॅलरीत गेले, आणि नवीन विद्यार्थिनीचं स्वागत करून तिला वार मिळाल्याचं नंदिताने स्वतःच्या तमिळमध्ये सांगितलं. बारीक, लांब वेणीची, मोठ्या डोळ्यांची ती मुलगी सगळं नीट ऐकून घेत होती. शेवटी तिने नंदिताला हात जोडून नमस्कार केला आणि लगेच पुस्तक उघडलं.

पहिल्याच दिवशी शिकता शिकता तिच्या तोंडून एक प्रश्न निसटला. ओला कपडा कोरड्यापेक्षा काळपट का दिसतो? इस्त्रीच्या गाडीशेजारी वाढलेल्या मुलीचा प्रश्न! नंदिता मोहरून गेली. इतकी वर्षं शिकवूनही तिला हे कोणी विचारलं नव्हतं. ती प्रकाश, पाणी, कापसाचे धागे असं रंगवून सांगायला लागली, तर तुळसीने अर्ध्यातच मान हलवली. “सरि टीचर, अडुत्तदु,” ती म्हणाली. बरं, पुढचं.

हे ‘अडुत्तदु’ मग नंदिताच्या डोक्यात गेलं. कारण मुलगी शुक्रवारीही आली. त्याच वेळेला, तेच पुस्तक घेऊन. दारात उभ्या पोरीला ‘आज तुझा वार नाही’ असं कसं म्हणणार? सांगलीच्या बाईच्या तोंडून ते निघणं शक्य नव्हतं. शनिवारी आली, रविवारी आली, सोमवारी नंदिता बाहेर जाणार होती ते रद्द करून थांबली. आणि रोज तोच धोशा, पुढचं, पुढचं. एक धडा पुरता गळी उतरायच्या आत दुसरा. उदाहरण समजलं का विचारलं तर मान हलवायची, पण डोळे पुढच्या पानावर. असं कुठे शिकतात का? मुलगी हुशार आहे पण उथळ आहे, असं नंदिताने मनात म्हटलंसुद्धा.

“एक वार द्यायचा ठरला, ही तर आख्खा आठवडा घेऊन बसली,” गिरीधर दहीभात कालवत म्हणाला होता. नंदिता हसली होती. खरं तर त्या क्षणी तिने कान टवकारायला हवे होते, पण नवऱ्याचं बोलणं कोण एवढं मनावर घेतं!

बुधवारी तुळसी जेवली, नंदिता नको नको म्हणत असताना तिने ताट घासून टाकलं, वाकून नमस्कार केला आणि गेली. गुरुवारी, म्हणजे तिच्या खऱ्या वाराला, आली नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. दिलेला फोन लागत नव्हता.

राजगोपालांना कळवणं भागच होतं. “तुझी काय चूक? तिला नको असेल, सोडून गेली,” ते फोनवर म्हणाले. “दार उघडं ठेवायचं, कोणाला ओढून आणायचं नाही, हे संताजीरावांपासूनचं आहे. रविवारच्या मीटिंगमध्ये दुसऱ्या मुलाला वार देऊन टाकू.”

“पण ती का गेली, हे नको का कळायला?”

“का ते कळून काय करशील, नंदिता? त्या वयाच्या पोरांची शंभर कारणं असतात.”

शंभर असतील, पण नंदिताला त्यांतलं एक हवं होतं. आपलं शिकवणं तिला रटाळ वाटलं का? की अन्न अळणी लागलं? गिरीधरच्या मते ती मुलगी सुम्मा, म्हणजे उगाच आली होती आणि उगाच गेली. गिरीधरच्या मते जगातल्या बऱ्याच गोष्टी सुम्मा होतात.

शुक्रवारी सकाळी राजसबाई तंजावरहून आल्या. कॉफीचा पहिला घोट घ्यायच्या आत नंदिताने सगळं त्यांच्या कानावर घातलं. राजसबाईंची मराठी तंजावरची. त्यात ‘मी सांगितलों’, ‘ती सांगितली’ असं असायचं. नंदिता सुरुवातीला गालात हसायची. आता तिलाही ते गोड वाटायला लागलं होतं.

“बुधवारीं जातांना काय म्हटली गे ती?” राजसबाईंनी विचारलं.

“काही विशेष नाही. पोरेन टीचर, म्हणाली.”

राजसबाईंनी कॉफीचं भांडं खाली ठेवलं. “पोरेन? नुसतें पोरेन? पोयिट्टु वरेन म्हणून सांगितली नाहीं?”

“नाही. का?”

“अय्यो, तुमच्या सांगलींत कोण्ही घरांतून निघतांना ‘जातें’ म्हणतें काय?”

नंदिताने आठवून पाहिलं. कोणी म्हणत नाही. ‘येते’ म्हणतात. निघताना ‘जाते’ म्हटलं तर आजीने तिला उंबऱ्यावरून परत बोलावून ‘येते म्हण’ असं सांगितलं असतं. तमिळमध्येही तसंच, ‘जाऊन येते’ असंच म्हणायचं. आणि ही चांगल्या वळणाची मुलगी नमस्कार करून नुसतं ‘जाते’ म्हणून गेली होती.

“म्हणजे तेव्हाच तिला ठाऊक होतं,” नंदिता सावकाश म्हणाली. “परत यायचं नाही, हे ठरवून गेली ती.”

“रागानें गेली काय?”

“छे! ताट घासून गेली.”

“मग राग नाहीं.” राजसबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. “इतकीं वर्सें हें काम करत्यें. मुलें रुसून गेलीं, पळून गेलीं, लग्न लावून दिलें म्हणून गेलीं. निरोप घेऊन कोण्ही गेलें नाहीं. माझे गुडघे बरे असते तर मीच गेलें असतें. तूं जाऊन पाहा गे. ओढूं नको. विचार मात्र.”

हे ऐकल्यावर नंदिताच्या जिवाला चैन पडणं कठीण होतं. शनिवारी सकाळीच ती स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत शिरली. इस्त्रीची गाडी शोधावी लागली नाही. कोळशाचा आणि गरम सुती कपड्यांचा वास तिला थेट तिथे घेऊन गेला. गाडीमागेच एका खोलीचं घर होतं. जयंती चादरीवर पाणी शिंपडत होती आणि तुळसी घड्या घालत होती. नंदिताला पाहून तुळसीच्या हातातली घडी तशीच राहिली. चेहरा आधी फुलला आणि लगेच गोंधळला. त्या चेहऱ्यावर कंटाळा नव्हता, राग नव्हता, लपवाछपवी तर मुळीच नव्हती. नंदिताचं कुतूहल आणखीच वाढलं.

जयंतीने तिला आत नेलं, एकुलती एक खुर्ची पुसून दिली. कोपऱ्यात दुकानाच्या नावाच्या पिशवीत नवी कोरी निळी साडी होती. तुळसी सोमवारपासून टी. नगरला एका मोठ्या कापडाच्या दुकानात लागणार, ती तिथली वर्दीची साडी, हे जयंतीने कौतुकाने सांगितलं. दीपावळी तोंडावर आली, दुकानात मुली हव्यात. राहायचंही दुकानाच्याच हॉस्टेलवर. दिवसभर उभं राहायचं काम, पण दुकान थंडगार आहे.

“आणि परीक्षा?” नंदिताने विचारलं.

जयंतीने तुळसीकडे पाहिलं, तुळसीने जमिनीकडे. “जमेल तसं वाचेल,” जयंती तमिळमध्ये म्हणाली. ‘जमेल तसं’ म्हणजे काय, हे तिघींनाही समजत होतं.

“ती का आली नाही?” नंदिताने शेवटी तिच्या तमिळमध्ये सरळच विचारून टाकलं. “मी सांगितलं होतं ना, ओरु वारम्?” एक वार, असं तिला म्हणायचं होतं.

“आमाम् अम्मा,” जयंती म्हणाली, “ओरु वारम्.” होय, तेच.

“मग का नाही आली?”

“आली की! ओरु वारम् आली.”

“नाही, नाही. ओरु वारम् दिला. पण आली नाही!”

“ओरु वारम् दिलात, ओरु वारम् आली,” जयंती आता जरा दुखावून म्हणाली. आपली लेक खोटारडी ठरते आहे की काय, असं तिला वाटलं असणार. दोघी एकच शब्द एकमेकींच्या तोंडावर मारत होत्या आणि दोघींनाही आपणच बरोबर आहोत याची पुरती खात्री होती.

तुळसी मात्र आळीपाळीने दोघींच्या तोंडाकडे बघत होती. एकदम ती उठली. भिंतीवर किराणा दुकानाचं कॅलेंडर होतं. तिने त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि ते सरळ आडवं नेलं, सातही घरांवरून, कडेपर्यंत. “इदु ओरु वारम्,” ती म्हणाली.

नंदिता बघतच राहिली. हा एक आठवडा.

तमिळमध्ये वारम् म्हणजे आठवडा. तिने मराठी वाराला शेपूट लावलं होतं आणि त्याचा आठवडा झाला होता. ‘तुला एक वार’ असं तिने मोठ्या ऐटीत सांगितलं, आणि मुलीने ऐकलं, ‘तुला एक आठवडा’. राजसबाई असत्या तर त्यांनी साधं ‘व्याळक्किळमै’ म्हटलं असतं, गुरुवार, आणि हे घडलंच नसतं. गेले आठ-दहा दिवस ज्या कारणासाठी नंदिता साऱ्या जगावर संशय घेत होती, ते तिच्याच तोंडात होतं. तिचे कान तापले. आणि मग ते ‘अडुत्तदु’ आठवून तिला भडभडून आलं. मुलगी उथळ नव्हती. सबंध वर्षाचं भौतिकशास्त्र तिला सात दिवसांत उरकायचं होतं. तिला तो ओला कपडा पुरता ऐकायचा होता, पण त्यासाठी वेळ नव्हता.

“पण तुम्हाला विचित्र नाही वाटलं?” नंदिताने विचारलं. “एकच आठवडा कोणी शिकवतं का?”

मायलेकींना हा प्रश्नच नवलाचा वाटला. “सगळे तसेच येतात ना अम्मा,” जयंती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. “आमच्या गल्लीत किती येऊन गेले. कोणी चार दिवस इंग्रजी शिकवतात. कोणी बॅगा वाटतात, फोटो काढतात. चांगली माणसं असतात. नंतर त्यांना त्यांची कामं असतात. तुम्ही तर पूर्ण आठवडा म्हणालात, वर जेवण. मी हिला म्हटलं, एक दिवससुद्धा चुकवू नकोस, आणि संपला की नमस्कार करून ये.”

संताजीरावांनी, राजसबाईंनी इतकी वर्षं खपून जे उभं केलं, ते या खोलीत कोणाला खरंही वाटलं नसतं. कारण असं काही असू शकतं, हे त्यांच्या अनुभवातच नव्हतं. आणि ती बाई कृतज्ञ होती, एका आठवड्याबद्दल! नंदिताला स्वतःचा राग आला, आणि बॅगा वाटून फोटो काढणाऱ्या त्या सगळ्या चांगल्या माणसांचाही.

उद्याच्या मीटिंगमध्ये तुळसीचा वार कोणाला जाऊ द्यायचा नाही, हे तिने ठरवून टाकलं आणि ती उठून कॅलेंडरपाशी गेली. आता शब्दांवर तिचा विश्वास उरला नव्हता. तिने त्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारावर बोट ठेवलं, मग खालच्या गुरुवारावर, मग त्याच्या खालच्या.

तुळसी तिच्या बोटाकडे बघत होती. बोट पानाच्या तळाशी पोचलं तशी तिने हळूच ते पान वर उचललं. खाली ऑक्टोबर होता.

“इदुवुमा?” हेसुद्धा?

नंदिताने ऑक्टोबरच्या गुरुवारांवरून बोट फिरवलं. तुळसीने पुढचं पान उचललं. मग त्याच्याही पुढचं. डिसेंबरनंतर खिळा आणि भिंत होती. नंदिताने मोकळ्या भिंतीवर बोट टेकवून ते खाली, आणखी खाली नेलं. “परीक्षेपर्यंत,” ती म्हणाली. “नंतर इतर घरं, इतर वार. मग कॉलेज. कॉलेज संपेपर्यंत.”

“इतकं का देता?” जयंतीने विचारलं. तिचा आवाज कडक झाला होता. आठवड्याचं देणं तिला समजत होतं. हे समजत नव्हतं, आणि न समजणाऱ्या देण्याची तिला भीती वाटत होती. ती भीती अगदी रास्त होती.

“माझ्या नवऱ्याचे ताता,” नंदिता शब्द जुळवत म्हणाली, “आजोबा, ते असेच शिकले. सात घरी जेवून. कॉलेज संपेपर्यंत कोणीही त्यांना नको म्हटलं नाही. तेव्हापासून आमच्या घरी हे चालू आहे. तुम्ही या, माझ्या सासूबाईंना भेटा. त्यांना तमिळ नीट येतं.”

बाहेर गाडीवर इस्त्री निवत होती, पण जयंतीने तिकडे लक्ष दिलं नाही. शेवटी तिने कोपऱ्यातली पिशवी उचलली, निळ्या साडीची घडी एकदा हाताने सारखी केली आणि ती परत आत सरकवली. “सोमवारी दुकानात मीच जाऊन सांगते,” ती म्हणाली. “दुसरी मुलगी मिळेल त्यांना.”

तुळसी अजून कॅलेंडरपाशीच उभी होती. उचललेली पानं तिने सोडून दिली, ती एकामागून एक भिंतीवर खाली आली. मग ती नंदिताकडे वळली. इतके दिवस त्या डोळ्यांत जी घाई होती, ती गेली होती. तिच्या जागी एक मोठ्ठी शंका होती, आणि ती विचारावी की नाही असं तिचं चाललं होतं.

“टीचर,” ती म्हणाली, “अप्पो, मेदुवा पडिक्कलामा?”

म्हणजे मग, हळूहळू शिकलं तर चालेल?

नंदिताला या प्रश्नाचं तमिळ उत्तर चांगलं येत होतं, पण या वेळी ते शोधायला ती थांबली नाही.

“चालेल,” ती मराठीतच म्हणाली, आणि तुळसीला ते समजलं.